"तुझं आयर्लंड होईल" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"मराठी माणसा जागा हो, नाहीतर तुझं आयर्लंड होईल" हा फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 1845 ला बटाटे सडले, निम्मे आयरिश मेले नि निम्मे अमेरिकेत गेले, त्यांची भाषा तिथेच संपली, नाचगाणं हे 90 च्या दशकात टीव्हीसाठी बनवलेलं, पूर्वजांचे कागद 1922 च्या आगीत खाक, आणि आता संस्कृती म्हणून उरलंय काय तर 17 मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक डेला, हिरवे कपडे घालून बिअर पिणं आणि अमेरिकन टुरिस्टांना आडनावाची ढाल छापलेले मग विकणं.

मी आयर्लंडातल्या कॉर्कमध्ये राहते, पोरं इथल्याच शाळेत जातात. मराठीची काळजी मलाही आहे, पण त्यासाठी जित्याजागत्या लोकांचं श्राद्ध कशाला घालायचं? आणि तेही ज्या देशाचा दोनदा पंतप्रधान झालेला लिओ वराडकर याचं वडिलांकडचं घराणं आपल्या मालवणजवळच्या वराडचं, त्या देशाचं! असो, एकेक मुद्दा घेऊ.

भाषा मेली. नाही मेली. आजारी आहे म्हणा हवं तर. 1937 च्या संविधानात ती पहिली अधिकृत भाषा आहे, 2007 पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे आणि 2022 पासून तिथे पूर्ण दर्जाने चालते. 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी आयरिश बोलता येतं असं सांगितलं. आता कोणी उडी मारायच्या आत मीच सांगते, यातले खूपजण शाळेत सक्तीने शिकले म्हणून हो म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांना "बाई, संडासला जाऊ का" हे एकच वाक्य फाडफाड येतं, कारण वर्गात ते आयरिशमध्येच विचारावं लागायचं. शाळेबाहेर रोज बोलणारे 71,968. आकडा छोटाय, मान्य. पण यांचा 1972 पासून स्वतःचा रेडिओ आहे, 1996 पासून टीव्ही चॅनल आहे ज्यावर हवामान आणि मॅचची कॉमेंट्री सगळं आयरिशमध्ये चालतं, आणि शहरांत आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत जिथे घरी इंग्रजी बोलणारे आईबाप मुद्दाम पोरं घालतात. हे आपल्याकडे मराठी शाळांबद्दल बोलून बघा कुणाला.

आणि दुष्काळानेच मारली हेही अर्धवट आहे. दुष्काळाचा फटका पश्चिमेच्या गरीब आयरिश बोलणाऱ्यांना सगळ्यात जास्त बसला हे खरंच, पण घसरण आधीच सुरू झालेली. 1831 पासून सरकारी शाळा आल्या त्या इंग्रजीतून. पोराच्या गळ्यात एक काठी अडकवायची, आयरिश शब्द तोंडातून निघाला की तिच्यावर खाच पाडायची आणि नंतर खाचा मोजून मार द्यायचा. वाईट हे की पुष्कळ ठिकाणी यात आईबापच सामील होते, कारण इंग्रजी आलं तर पोरगं बाहेर जाऊन चार पैसे कमवेल. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मराठीसाठी खरंच काही सांगायचं असतं तर हे सांगायचं होतं ना, पण ते गैरसोयीचं पडतं!

जाता जाता एक. 1935 मध्ये पश्चिमेकडच्या कोनेमाराच्या आयरिश बोलणाऱ्या काही कुटुंबांना सरकारने डब्लिनजवळ मीथमध्ये जमीन देऊन वसवलं, त्या गावाचं नाव रा कार्न. चारी बाजूंनी इंग्रजी. तरी त्यांनी भाषा सोडली नाही, 1967 मध्ये आयरिशभाषक भाग म्हणून सरकारी मान्यताही मिळवली. आजही ते गाव आयरिश बोलतं.

बटाटे सडले म्हणून लोक मेले. बटाट्याचा तोच रोग बेल्जियम-हॉलंडातही होता, तिथे एवढी माणसं नाही मेली. आयर्लंडात दहा लाखांच्या आसपास मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली, लोकसंख्या 1841 ला 82 लाखांच्या आसपास होती ती 1851 ला 65 लाखांवर आली (म्हणजे "निम्मे मेले नि निम्मे गेले" हे गणितही कच्चं). जमीन जमीनदारांची, धान्य-लोणी-जनावरं विकून भाडं भरायचं आणि स्वतः बटाट्यावर जगायचं, त्यामुळे बटाटा गेला तरी बाकीचा माल बंदरातून बाहेर जातच राहिला. 1847 मध्ये बाहेरून मका आला, निर्यातीपेक्षा जास्तच आला, पण विकत घ्यायला पैसा कुणाकडे होता? लंडनचं सरकार मात्र बाजारात हात घालायचा नाही म्हणून अडून बसलं. 1876-78 चा दख्खनचा दुष्काळ आठवा, तेव्हाही हिंदुस्थानातून धान्य बाहेर जातच होतं आणि कारण तेच, तेच साहेब.

नाचगाणं टीव्हीने बनवलं. हा रोख 1994 च्या युरोव्हिजनच्या मध्यंतरात झालेल्या 'रिव्हरडान्स' या कार्यक्रमावर आहे, ज्यात रांगेत खडाखडा पाय आपटत नाचतात. तो शो होताच, चकचकीतच होता, पण पायाचं ते काम काय त्या रात्री शोधलं नव्हतं, स्पर्धा कित्येक पिढ्या चालू आहेत. हां, एक गंमत कबूल करायला हवी, 'केली' (céilí) या नावाने जो सामूहिक नाच ओळखला जातो त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम आयरिश भाषा जपणाऱ्या गेलिक लीग या संस्थेने 1897 मध्ये केला तो लंडनमध्ये! आणि संगीताचं म्हणाल तर कॉर्कचा फ्रान्सिस ओ'नील शिकागोत जाऊन पोलीसप्रमुख झाला, तिथे आयर्लंडच्या वेगवेगळ्या परगण्यांतल्या (केरी, क्लेअर, मेयोच्या) आयरिश पोलिसांकडून चाली ऐकून त्याने हजारांवर चाली छापून ठेवल्या, त्या इथले वाजवणारे आजही काढून बघतात. म्हणजे परदेशात गेलेल्यांनी फक्त मगच विकत घेतले असं नाही. क्लेअरमधल्या मिलटाउन मॉलबेला 1973 पासून दर जुलैत आयरिश बॅगपाइप शिकायला जगभरातून लोक येतात, ते इलन पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता धरून हवा भरतात. 2017 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत.

आणि हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा इथला खेळ? त्याचं नावही नाही फॉरवर्डमध्ये, माझा राग तिथे जास्त आहे. 1884 मध्ये थर्ल्सच्या एका हॉटेलात जमून काही जणांनी गेलिक खेळांची संघटना काढली, आज गावागावात तिचा क्लब आहे. डब्लिनच्या मैदानात फायनलला 82 हजार लोक बसतात आणि खेळणाऱ्यांना त्याचा पगार नाही, रविवारी फायनल खेळलेला मास्तर सुट्टी संपली की फळ्यापुढे उभा. टीम बदलायचा बाजार नाही, जो ज्या गावचा तो त्या गावासाठी. आमच्या शेजारच्या पोराची काठी मी हातात घेऊन बघितलीय: ॲश झाडाच्या बुंध्याचा अगदी खालचा मीटरभर भागच यासाठी लागतो, कारण तिथे मुळाकडे वळताना लाकडाच्या रेषाही वळतात, त्या वळणामुळे काठीचं पातं चेंडू मारताना फाटत नाही. 2012 मध्ये ॲशवर बुरशीचा रोग इथे आला आणि झाडं वाळायला लागली, आता बरंचसं लाकूड बाहेरून आणतात आणि बांबूच्या काठ्यासुद्धा निघाल्यात. त्यावर इथले म्हातारे जे बोलतात ते लिहिण्यासारखं नाही.

हिरवी बिअर. हे बरंचसं अमेरिकन, बरोबर आहे. बॉस्टनमध्ये 1737 ला आणि न्यूयॉर्कमध्ये 1762 ला हा दिवस साजरा व्हायला लागलेला, आणि इकडे आयर्लंडात 1920 च्या दशकापासून 1960 पर्यंत त्या दिवशी कायद्याने पब बंद! पण वर्षात एकच दिवस असतो का? 1 फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा दिवस, त्यासाठी पोरं लव्हाळ्याचे क्रॉस विणतात, आमच्या धाकटीने केलेला दारावर अजून तिरका लटकतोय. 2023 पासून त्याची सरकारी सुट्टीही मिळते.

आडनावाची ढाल. इथे फॉरवर्ड शंभर टक्के बरोबर. ढालीवरचं कुळचिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही, तेव्हा तसले कप घेऊ नका. पण त्यातच घुसवलेलं "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र) नावं बदलली" हे चूक. तिथले अधिकारी जहाजावरून आलेली छापील-लेखी यादी पुढे ठेवून काम करायचे. शिवाय ते केंद्र उघडलं 1892 मध्ये, दुष्काळातले लोक त्याच्या कितीतरी आधी पोचलेले. नावापुढचे ओ आणि मॅक बहुतेक इकडेच, इंग्रजांच्या राज्यात गळाले.

कागद जळाले. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीत, जिथे सरकारी दप्तरखाना होता, स्फोट झाला, 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. पण 1861 आणि 1871 च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि 1881, 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेल्या, त्याचं खापर आगीवर नको. 1901 आणि 1911 च्या शाबूत आहेत, ऑनलाइन फुकट आहेत, चर्चच्या नोंदवह्या नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये फुकट टाकल्यात. अडचण वेगळीच असते: "आजोबा कौंटी कॉर्कचे" एवढ्यावर काही सापडत नाही, वाडीचं नाव लागतं, आणि अशा वाड्या साठ हजारांवर आहेत. ते नाव कळलं तर 1847 ते 1864 मधल्या ग्रिफिथच्या यादीत (करासाठी केलेलं जमीन-घरांचं सरकारी मूल्यांकन) घराचा कर्ता कोण, जमीन कुणाची, तिची किंमत किती धरलेली हे सगळं नकाशासकट निघतं.