बाबांना निष्काळजी म्हणायचं नाही

"मेल पाठवला होता, तुम्ही बघितला नाही." हे वाक्य मी महिन्याभरात इतक्या वेळा ऐकलंय की आता फोनची रिंग वाजली तरी डोकं तापतं.

उत्तरायण झाली आणि चार दिवसांत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पैसे आम्ही भरले, बिलं विमा कंपनीला पाठवली. कंपनीला डिस्चार्जच्या कागदाची शिक्का मारलेली प्रत हवी होती. ती मेलवर मागितली, १५ दिवसांची मुदत दिली, आणि सोळाव्या दिवशी दावा बंद करून टाकला. ६८ हजार रुपये! एक फोन नाही, एक मेसेज नाही. मीच फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणते, "मॅडम, अंकल को मेल चेक करते रहना चाहिए ना."

अगं बाई, तो मेल आलाच नव्हता! बाबांची मेलपेटी भरली होती. जीमेलमध्ये फुकट जागा मिळते १५ जीबी, आणि ती एकट्या मेलची नसते. ड्राइव्हवरच्या फायली त्यातच, फोटोंचा बॅकअप त्यातच, आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. पेटी गच्च भरली की नवा मेल आत शिरत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणजे कंपनीला तो परत मिळाला असणार. पण पाठवला होता 'नोरिप्लाय' पत्त्यावरून, तिथे परत आलेलं बघायला माणूसच बसवलेला नाही. पोस्टमन पत्र परत नेतो तेव्हा निदान पाकिटावर शेरा मारतो, पाठवणाऱ्याच्या हातात देतो. इथे परत आलेला मेल गेला वाऱ्यावर आणि निष्काळजी ठरले आमचे बाबा.

बाबांना निष्काळजी म्हणताना त्या मुलीने आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी येऊन जायला हवं होतं. मधल्या खोलीत खिडकीशेजारी लाकडी चकतीची तार टांगलेली आहे. लाइट बिल भरलं की पावती त्या तारेत ओवायची, वर्ष संपलं की गठ्ठा काढून सुतळीने बांधायचा, वर निळ्या शाईने साल लिहायचं. १९८६ पासूनचे गठ्ठे कपाटात आहेत. कुठलीही पावती मागा, बाबा अंधारातसुद्धा काढून देतील. हा माणूस नोकरीत असताना दर शनिवारी सायकलने मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचा आणि घरी येऊन आम्हाला सांगायचा, की सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला, तो का? तर नुसती पुस्तकं जमवून भागत नाही, मागितलेलं पुस्तक सापडलं पाहिजे. ज्याला नीट ठेवण्याचं महत्त्व सत्तर वर्षं कळतंय त्याला हे शिकवणार?

आणि ती पेटी भरली कशाने ते बघा. मी कंप्युटरवर उघडली तेव्हा न वाचलेले मेल ४१ हजारांवर होते. बाबांनी यातला एकही मागवला नव्हता. बुटाच्या दुकानात गेलो, "बेन, ईमेल आपो ने, बिल मेल पर आवशे." चष्म्याच्या दुकानात तेच. एकदा तर कुकरची रिंग घ्यायला गेले, अठ्ठ्याण्णव रुपयांची, तिथेही ईमेल! म्हाताऱ्या माणसाला भिडेखातर नाही म्हणता येत नाही. बिल येतं एकदा आणि जाहिराती येतात आयुष्यभर. बंद करा म्हणून कळवलं तरी पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाने सुरू. ज्याला कागद वाचवायचाय त्याने खुशाल वाचवावा, पण आमच्या घरात स्वतःचा कचरा का ओतावा?

दुसरा वाटा व्हॉट्सअॅपचा. रोज सकाळी फुलं, सुविचार, आणि प्रत्येक सणाला तोच व्हिडिओ आठ नातेवाइकांकडून. बॅकअपमध्ये हे सगळं जातं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली व्हिडिओ धरायचे की नाही याचं एक बटण असतं, ते मी बंद केलं. आधी फोन घेऊन दिला तेव्हाच बंद करायला हवं होतं. दादाने पुण्याहून फोन पाठवला, फोनवरच 'सगळं सेट करून दिलंय' म्हणाला आणि मोकळा झाला. सगळं म्हणजे काय रे दादा?

कंप्युटरवाल्याचा राग तर वेगळाच. गेल्या दिवाळीत आला, म्हणाला विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, नवीन टाकावं लागेल. मुदत संपली हे खरं होतं. पण त्याचा उपाय म्हणून त्याने न विचारता मशीन फॉर्मेट केलं आणि बाबांच्या स्कॅन केलेल्या कागदांचं एक गाठोडं करून डी ड्राइव्हवर टाकलं. "बेन, बॅकअप लई लीधो छे." अरे, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, डिस्क गेली की दोन्ही गेले! बॅकअप म्हणजे वेगळी वस्तू, बाहेर काढून कपाटात ठेवता येईल अशी. आणि त्या गाठोड्यात काय, तर 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर २', त्यात 'स्कॅन ०००१' ते 'स्कॅन ०२३०'. डिस्चार्जचा कागद त्यात १८७ वा निघाला. एकेक उघडत मी रात्री दीडपर्यंत बसले होते आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून "माझ्यामुळे तुला त्रास" म्हणत होते. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहवत नाही.

त्यानंतर तीन रविवार मी बाबांची मेलपेटी उपसत बसले. कुणाच्या घरी हीच वेळ असेल तर सांगते, फोनवर करत बसू नका, कंप्युटरवरच करा. जीमेलमध्ये वर शोधायच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह असतं, ते दाबलं की आकार विचारतं. १० एमबीपेक्षा मोठे मागा, म्हणजे जागा खाणारे पुढे येतात. बाबांच्या पेटीत कुणाच्या तरी लग्नाचे अल्बम होते, चार वेळा पाठवलेले. मग एकेका दुकानाचा पत्ता टाकून शोधायचं. वरच्या चौकोनावर टिक केली की फक्त पानावरचेच मेल निवडले जातात, पण लगेच वर एक ओळ येते, शोधात सापडलेले सगळे निवडायचे का म्हणून. ही ओळ कुणी सांगत नाही! मी पहिला रविवार पन्नास-पन्नास करत घालवला. आणि एवढं पुसून जागा तितकीच दिसली तर घाबरू नका, पुसलेलं बिनमध्ये ३० दिवस पडून राहतं, बिन रिकामी केल्यावरच जागा सुटते. ओतण्याआधी एकदा नजर मात्र टाका, मला त्यात पेन्शनचा एक मेल सापडला.

बँक, पेन्शन, विमा, लाइट यांच्या पत्त्यांना फिल्टर लावून 'बाबा कामाचे' असं लेबल केलंय, स्पॅममध्ये कधीच टाकू नये ही टिकही त्यात मारलीय. कागदांची नावं बदलली, आधी साल, मग महिना, मग दिवस, मग कशाचा कागद ते. असं लिहिलं की यादी आपोआप तारखेने लागते. हे बाबांना एकदा सांगितलं, ते म्हणाले, "म्हणजे गठ्ठ्यावर साल लिहितो तसंच की." दुसऱ्या दिवसापासून स्वतः नावं देतायत. ७८ वर्षांचा माणूस! जमत नव्हतं म्हणे यांना.

दावा परत उघडायचा अर्ज रावपुऱ्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवलाय, पोचल्याची नोंद माझ्याकडे आहे. काल फोन केला तर म्हणतात, निर्णय मेलवर कळवू. मी सांगितलं, मेलवर कळवा आणि कागदावरही कळवा, सही-शिक्क्याचं पत्र, घरच्या पत्त्यावर, बाबांच्या नावाने.