लाइन गेली की छतावरची वीजही जाते

'छतावर पॅनेल बसलं की लोडशेडिंगची चिंता मिटली,' हे घरच्या सोलरवरच्या एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. ते वाचून कोणी कर्ज काढू नये म्हणून लिहितो. यवतमाळ जिल्ह्यात गावी आमच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. गेल्या मे महिन्यात गावातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली. दुपारी बारा वाजता वर ऊन आग ओकतंय आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर शून्य! कूलर बंद, बाबा ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन दिवसभर ओसरीत बसून. असे चार दिवस काढले. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, जोडलेल्या सोलरमध्ये लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच घरच्या विजेचा झटका बसेल. नियम योग्यच आहे, पण बसवून देणाऱ्यानं आम्हाला हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. लाइन नसताना घर चालवायचं तर हायब्रीड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ती घेतली तरी केंद्राचं अनुदान तेवढंच, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये.

बिल मात्र खरंच उतरलं, किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात. म्हणून सोलर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त सही करण्याआधी विचारा, लाइन गेल्यावर घरातलं काय काय चालेल? आमच्याकडे लाइन रोजच जाते हो.