कुठला हिरवा?

मी फक्त एवढंच विचारलं होतं की माझ्या स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छोट्या मॉडेलच्या, कॉकपिटला हिरवा कुठला मारू. बस. एका ओळीचा प्रश्न, फार तर एका ओळीचं उत्तर, मग रंगाची डबी आणायची, मारायचा, वाळू द्यायचा, विषय संपला. या गोष्टीला आता तीन महिने होऊन गेलेत आणि विमान अजून टेबलावर शेंगेसारखं उभं सोललेलं पडलंय, डावी बाजू इकडे, उजवी तिकडे, आणि मधल्या काळात माझी तिघांशी भांडणं झाली, त्यातल्या एकाशी दोनदा.

मॉडेल १:७२ चं आहे. म्हणजे खरं विमान ९ मीटरच्या थोडं वर आणि हे १३ सेंटिमीटरच्या आत बसतं. त्यातलं कॉकपिट म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी जागा. ब्रशचे चार फटके मारले की रंगकाम पूर्ण, आणि वरून ते पारदर्शक झाकण चिकटवलं की आत हिरवा आहे का जांभळा ते बघायला टॉर्च आणि भिंग दोन्ही लागतात. हे सगळं मला विचारायच्या आधी माहीत होतं. तरी विचारलं. पायावर धोंडा पाडून घ्यायचाच असला की माणूस धोंडा स्वतः शोधून आणतो.

आमचं टोळकं चौघांचं. एक मर्लिनवाले काका, रिटायर्ड, त्यांना स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाशिवाय जगात दुसरं इंजिन मान्य नाही. २७ लिटर, १२ सिलिंडर, हे आकडे ते लोकांना आपल्या नातवंडांच्या मार्कांसारखे सांगतात, आणि त्यांच्या मोबाईलची रिंगटोन पण त्याच इंजिनाच्या आवाजाची आहे, त्यामुळे फोन आला की आजूबाजूचे दचकून वर बघतात. दुसरा रशियावाला, त्याचं सगळं मिगपाशी सुरू होतं आणि मिगपाशीच संपतं. तिसरा पेंटवाला, हा खरोखरच आयुष्यभर रंगाच्या लॅबमध्ये नोकरी केलेला माणूस, त्यामुळे तो बोलायला लागला की बाकीचे गप्प बसतात, पटतं म्हणून नाही, कळत नाही म्हणून. आणि चौथा मी, ज्याने प्रश्न विचारला.

काकांनी लगेच उत्तर दिलं, "दोनशे त्र्याऐंशी." ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी, म्हणजे ब्रिटिशांची रंगांची ठरवून दिलेली यादी, त्यातला नंबर २८३, एअरक्राफ्ट ग्रे ग्रीन. मी म्हटलं झालं, सुटलो. तेवढ्यात पेंटवाल्याने शांतपणे विचारलं, "काका, ते शेडकार्ड कधीचं आहे तुमचं?"

"का रे?"

"नाही म्हणजे कार्डसुद्धा पिवळं पडतं."

इथे माझं नशीब फिरलं. पेंटवाल्याचं म्हणणं, मुळात हा हिरवा रंग सौंदर्यासाठी लावलेलाच नाही, ते औषध आहे. अमेरिकन विमानांचंच घे, अॅल्युमिनियमला गंज खाऊ नये म्हणून आत झिंक क्रोमेटचा प्रायमर मारायचे, तो मूळचा पिवळट, त्यात काळा घातला की हिरवा व्हायचा, आणि काळा जरा इकडेतिकडे झाला की हिरवा पण इकडेतिकडे. मग एकच एक खरा हिरवा तू कुठून आणणार? (वर हे क्रोमेट तब्येतीला चांगलंच वाईट, कॅन्सरकारक, त्यामुळे अस्सल रंगाचा हट्ट धरणाऱ्यांनी तो नुसत्या डोळ्यांनीच बघावा.) काका भडकले, "अरे तो स्पिटफायर विचारतोय आणि तू अमेरिकेत काय फिरतोयस!" रशियावाल्याने मध्येच तोंड घातलं की जर्मनांचं बरं होतं, सरळ नंबर द्यायचे, आधी ०२ मग ६६, एक करडट हिरवा, एक काळपट करडा, वाद नाही. त्यावर ०२ किती करडा आणि किती हिरवा यावर पाऊण तास वाद झाला.

मी म्हटलं, अहो फोटो बघूया ना. मला वाटलं हा हुकमाचा एक्का. चौघांनी माझ्याकडे दयेने बघितलं, म्हणजे तिघांनी, पण मलाही माझी दया आली. त्या काळातले बरेचसे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात काही फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल तो काळा यायचा आणि पिवळा भलताच गडद. बरं रंगीत फोटो घ्यावा तर त्याचे रंग इतक्या वर्षांत उडालेले. मग म्युझियममधलं विमान? "ते नंतर कुणीतरी रंगवलंय," तिघे एकदम म्हणाले. त्यांचं एकमत झालेला तो आमच्या ओळखीतला एकमेव प्रसंग.

बरं, मधल्या काळात मी शहाणपणा करून निदान सीट तरी रंगवून ठेवली होती. हिरवी. ही सीट म्हणजे तांदळाचे दोन दाणे शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढी. चिमट्यात धरून रंगवताना दोनदा उडाली, एकदा सापडायला दुसरा दिवस उजाडला, गालिच्याच्या झालरीत अडकली होती. काकांनी खिशातून भिंग काढलं, चिमटा हातात घेतला, आणि डॉक्टर एक्सरे बघताना करतात तसा आवाज काढला.

"सीट हिरवी?"

"का, नसते का?"

"अरे ती धातूची नाही रे! कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून बनवलेली असते. लालसर तपकिरी!"

तर सीट तपकिरी. मी खरवडून परत रंगवली. पुढच्या रविवारी पेंटवाला म्हणाला की धातूच्या सीटही होत्याच की, आणि त्या हिरव्याच. मग प्रश्न असा आला की मी जे विमान बनवतोय त्या अमुक नंबरच्या विमानात कुठली सीट होती. तिच्यावर जो बसला होता त्याने पण एवढी चौकशी केली नसेल, त्याला मागून गोळ्या येत होत्या. आणि सीटच्या मागच्या फ्रेमच्या पलीकडे हिरवा नव्हे, चंदेरी, हे मला त्यानंतर कळलं, म्हणजे हिरवा मारून झाल्यावर.

या सगळ्यात एका रविवारी रशियावाला धापा टाकत आला. परदेशात कुठेतरी मिग-२१ विकायला निघालं होतं. दोन सीटचं ट्रेनर, खाजगी मालक, चालू इंजिन. जुन्या लढाऊ विमानांच्या जाहिराती वाचणं हा आमचा तसा नित्यनेम आहे आणि त्यांची भाषा आता आम्हाला पाठ झालीय. 'उडण्याजोगे करता येईल' म्हणजे कंटेनरमधून तुकड्यांत येईल. 'नव्वद टक्के पूर्ण' म्हणजे उरलेले दहा टक्के पृथ्वीवर कुठेही मिळत नाहीत. 'हौशी मालकाची प्रेमाने जपलेली वस्तू' म्हणजे मालकाच्या घरच्यांनी निर्वाणीचं सांगितलेलं आहे. आणि शेवटी नेहमीचं, 'फक्त गंभीर खरेदीदारांनी संपर्क साधावा.' आम्ही प्रचंड गंभीर होतो. चौघांच्या बँकेतली शिल्लक एकत्र केली असती तर त्या विमानाचं पुढचं चाक आलं असतं, ते पण बहुतेक हवा न भरलेलं.

तरी आम्ही दोन तास हिशोब केला. पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधली स्फोटक काडतुसं, त्यांना एक्सपायरी डेट असते औषधांसारखी, ती नवी कोण देणार? ती निकामी करून घ्यायची तर मग इजेक्शन सीट ही नुसती अवघड खुर्ची होते. इंधन? काका म्हणाले की साधं पंख्याचं मस्टँग विमान घेतलं तरी ते तासाला दोनशे लिटरच्या वर पितं आणि हे तर जेट आहे, हे पीत नाही, हे ओततं. घड्याळं बदलावी लागणार, रशियन विमानात उंची मीटरमध्ये, बाकीचं जग बोलतं फुटात. मी हळूच विचारलं की ठेवणार कुठे, तर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषयाबाहेरचं काहीतरी बोलतोय.

मग रशियावाल्याने कॉकपिटचा फोटो मोठा केला आणि त्याचा चेहरा उतरला.

आतून करडा मारला होता. सगळा. मिगचं कॉकपिट हिरवट निळं असतं, जुन्या दवाखान्याच्या भिंतीसारखं, पायलटच्या डोळ्यांना आणि डोक्याला शांतता मिळावी म्हणून असं सांगतात. त्या रंगासाठी तर हा माणूस जगतो. आणि पुढच्या पॅनेलवरची उभी पांढरी रेघसुद्धा गायब. ती रेघ काय शोभेची नसते हो, विमान गरगरत खाली यायला लागलं, पायलटला वरखाली कळेनासं झालं की हातातला विमान वळवायचा दांडा त्या रेघेच्या समोर मधोमध आणून धरायचा, तेवढ्यासाठी ती असते. "जीव वाचवणारी रेघ पुसली नालायकांनी," रशियावाला म्हणाला. त्याचा आवाज खरंच कापत होता.

चर्चेअंती आम्ही ते विमान नाकारलं. रंग पसंत नाही या कारणावरून. इतकं मोठं लढाऊ विमान आम्ही चौघांनी एका कप चहावर नापास केलं आणि घरी जाताना प्रत्येकाला आपण फार मोठ्या खर्चातून वाचलो असं मनापासून वाटत होतं.

त्या दिवसापासून 'अस्सल' हा शब्द निघाला की मला जरा गरगरतं. काकांचं लाडकं उदाहरण म्हणजे पी९३७४, हे स्पिटफायर २४ मे १९४० ला फ्रान्समधल्या कॅलेच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरलं, वाळूत गाडलं गेलं आणि थेट १९८० मध्ये वर आलं. मग त्याला परत उडतं केलं, आणि २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांच्या वर गेलं. पेंटवाला विचारतो, चाळीस वर्षं खाऱ्या वाळूत राहिलेल्यातलं उडण्यालायक असं उरलं किती असेल? काका म्हणतात, ओळख उरली! तसा या धंद्याचा रिवाजच आहे, काही विमानांचं मूळ असं म्हणायला नंबर कोरलेली एक पत्र्याची पट्टी आणि मूठभर भाग असतात, बाकीचं सगळं तिच्याभोवती नव्याने उभं करतात, आणि तरी ते तेच विमान. हा वाद आमच्यात मिटलेला नाही. काका फक्त एवढंच म्हणतात की पट्टी खरी पाहिजे.

तर मुद्दा माझ्या हिरव्याचा. तीन महिन्यांत माझ्याकडे अकरा डब्या जमल्या. जास्त पिवळा, जास्त निळा, बरोबर आहे पण युद्धाच्या सुरुवातीचा, बरोबर आहे पण एवढ्या लहान मॉडेलवर तो गडद दिसतो म्हणून त्यात थोडा पांढरा घाल, घातला तर म्हणे आता पुदिना झाला. शेवटी बायकोने विचारलं, "या डब्यांचं तू काही करणार आहेस का?" मी म्हटलं, काय हवं ते कर. तिने सगळ्या एका वाटीत ओतल्या, काडीने ढवळल्या आणि बाल्कनीतलं गंजलेलं लोखंडी स्टूल रंगवून टाकलं.

परवा काका आले. बाल्कनीत गेले आणि तिथेच थांबले. मग वाकले. भिंग काढलं.

"अरे हा," ते म्हणाले. "हा. हाच!"

पेंटवाल्याला फोन गेला, तो वीस मिनिटांत हजर, त्याने उन्हात बघितलं, सावलीत बघितलं, नखाने जरासं खरवडलं आणि काही बोलला नाही, म्हणजे त्याला मान्य होतं. रशियावाल्याने फोनवरच सांगितलं की थोडा निळा कमी वाटतोय, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. "प्रमाण काय घेतलंस गं?" काकांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "काका, प्रमाण कसलं, होतं तेवढं ओतलं."

काकांनी स्टूल दोन्ही हातांनी अलगद उचललं, उलटं केलं, खालून बघितलं.

"आणि पाय सगळे मूळचेच ना?"

"नाही, एक मागच्या वर्षी वेल्डिंगवाल्याकडून नवीन लावून घेतला."

काकांनी स्टूल हळूच खाली ठेवलं आणि भिंग परत खिशात टाकलं.