एकच इसम

मागच्या मंगळवारी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, चाळीसेक अनोळखी माणसांसमोर, मी बहिणीची जमीन लाटणारा भाऊ ठरलो. आज शनिवार. अजून जेवताना मध्येच ते आठवतं आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.

निमित्त क्षुल्लक होतं. वडील गेल्या वर्षी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचं नाव दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तू. १९८६ साली त्यांनी ही २१ गुंठे जमीन घेतली, तेव्हाच्या तलाठ्याला त्यांना गावात काय हाक मारतात तेवढंच ठाऊक असावं. वारस नोंद करायची तर दत्तू आणि दत्तात्रय हा 'एकच इसम' असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. जन्मभर लोक वडिलांना मास्तर म्हणायचे. इसम व्हायला त्यांना मरावं लागलं.

तसा वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या ई-हक्क प्रणालीवर करता येतो. मी केला. तो तलाठ्याकडे गेला (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं; नाव लांबलंय, काम पूर्वीही लांबायचंच) आणि नावातल्या फरकामुळे माघारी आला. म्हणून मी सेतूच्या रांगेत. हातात टोकन ४३, खिडकीवर चालू नंबर १९.

रांग कसली, सभा होती ती. आणि सभेचे अध्यक्ष बाकड्याच्या टोकाला, एक पाय वर घेऊन बसले होते. पांढरी टोपी, चष्म्याच्या एका काडीला दोरा, मांडीवर खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. पिशवीत त्यांची स्वतःची केस. बांधाची, सख्ख्या भावाविरुद्ध, १९९१ पासून. खालच्या कोर्टात हरले, जिल्ह्याला हरले, आता हायकोर्टात तारखेची वाट बघतायत. मधल्या काळात त्यांचे वकील वारले, आता वकिलांचा मुलगा केस बघतो. या कचेरीच्या हद्दीत विनातक्रार झालेली ती एकच वारस नोंद असावी.

"जिकला असता तर कायदा कशाला वाचला असता?" काका म्हणाले. "हरल्यालाच समदा पाठ असतो."

आणि खरंच होता हो. माझ्यापुढे एक पोरगा होता. मित्राच्या कर्जाला जामीन राहिला, मित्र फोन उचलत नाही, बँक याला नोटिसा पाठवते. "पण बँकेनं आधी त्याच्याकडं जायला पायजे ना?" पोरगा म्हणाला. काकांनी त्याच्याकडे जावयाकडे बघावं तसं बघितलं. "कुणी सांगितलं? कर्जदार आन जामीनदार एकाच दावणीला. १८७२ चा करार कायदा, कलम १२८. बँक पयल्यांदा तुझ्याच दारात यील, तू सापडतोस म्हणून. भर, आन मग मित्राकडनं वसूल कर." पोरगा टोकन सोडून बाहेर गेला तो परत आला नाही. माझा नंबर एकानं पुढे सरकला, म्हणून मला बरंच वाटलं. हे मी मुद्दाम कबूल करतोय, कारण पुढे माझ्याबाबतीत रांगेला असंच बरं वाटलं.

मग एक बाई. नवरा वारला, फायनान्सवाले रात्री नऊला दारात येतात. काकांचा आवाज एकदम खाली आला. "त्यांनी मागं काय ठिवलं?" "एक मोटरसायकल. तिचेबी हप्तेच हायेत." "तुमी कुठं सहकर्जदार म्हणून सही केली?" "न्हाई." "मग वारसाचं देणं मिळाल्या इस्टेटीपुरतं. गाडी गेली तर जाऊ द्या, गळ्यातलं मोडायचं न्हाई. आन सांजच्या सातनंतर आन सकाळी आठच्या आत त्यांनी फोनबी करायचा न्हाई, रिझर्व्ह बँकेचा नियम हाय." बाईंनी ते तळहातावर पेनानं लिहून घेतलं. आठ ते सात.

इथं मला शहाण्यासारखं गप्प बसता आलं असतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं वाडवडील सांगून गेले. तहसीलच्या बाकड्यावर गप्पा मारू नयेत, हे सांगायचं राहिलं. मी विचारलं, "काका, या प्रतिज्ञापत्राला पाचशेचाच स्टॅम्प लागतो का?" ऑक्टोबर २०२४ पासून शंभराची सोय गेली आणि तिथं पाचशे आले, हे मला माहीत होतं. पाचशे जिवावर आले होते एवढंच.

"लागतच न्हाई," काका म्हणाले. "सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालंय."

"मग तुमच्या हातात तो काय आहे?"

"पाचशेचा स्टॅम्प."

"का घेतलात?"

"वाद घालत बसायला येळ कुणाला हाय?" १९९१ पासून बांधासाठी कोर्टात असलेले गृहस्थ म्हणाले.

रांग हसली. मीही हसलो. ती चूक झाली. आपल्यावर हसणाऱ्याला काका विसरत नसावेत.

"पाव्हणं, भावंडं किती?"

"दोघं. मी आणि ताई."

"आई?"

"आहे की."

"मग वाटं किती?"

"दोन," मी म्हणालो.

काकांनी टोपी काढली, गुडघ्यावर आपटली, परत घातली. "आई काय भाडेकरू हाय? जमीन बापानं सवता घेतल्याली ना? मग वडिलोपार्जित जमिनीत लेकीला वाटा देणारी २००५ ची दुरुस्ती न्हाई आन त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल न्हाई, कायबी लागत न्हाई. १९५६ पास्नं हिंदू वारसा कायदा हाय. बायको, ल्योक, लेक, तिघांना सारखं. सात-सात गुंठं."

सात-सात गुंठे. मी मनात एकवीस माझे धरले होते. आता चौदा गेले आणि अजून टोकन २६ चालू होतं.

"ताईला काही नकोय," मी म्हणालो. "ती हक्कसोड देणार आहे."

"तिनं सांगितलं, का तुमीच ठरवलं?"

या प्रश्नाला उत्तर होतं. दिवाळीत ताई म्हणाली होती, "त्या खडकाळ रानाचं करायचंय काय?" आता याला नकार म्हणायचं, होकार म्हणायचं की नुसतं कंटाळून बोलणं म्हणायचं? मी हक्कसोड म्हटलं होतं. तळहातावर आठ ते सात लिहिलेल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्याही वाट्याचे गुंठे माझ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होते. भिंतीशी टेकलेले एक गृहस्थ "घोर कलियुग" म्हणाले. त्यांच्या हातात कोऱ्या हक्कसोडपत्राच्या तीन प्रती होत्या, ते मला दिसत होतं. पण हे मोठ्यानं म्हणायची पत माझ्याकडे उरली नव्हती.

"लावा फोन," काका म्हणाले. "स्पीकरवर."

लोक विचारतात, लावलास कशाला? चाळीस माणसं बघत असताना न लावून दाखवा.

ताईनं उचलला. मी "अगं, इथं एक काका..." एवढं म्हणेपर्यंत फोन काकांच्या हातात होता. "ताई, नमस्कार. तुमच्या भावाशेजारी बसलोय. रजिस्टर हक्कसोड एकदा दिलं की माघारी येत न्हाई. समजून उमजून करा." ताई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "काका, बरं झालं भेटलात. माझ्या सासरची एक केस आहे."

त्यानंतर १७ मिनिटं. माझ्या फोनवर, माझ्या पैशानं. ताईच्या सासऱ्यांच्या बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून दिराचं नाव आहे आणि दीर म्हणतो पैसे माझे. काका म्हणाले, नॉमिनी म्हंजी राखणदार, मालक न्हवं. दीर मानत नसेल तर कोर्टातनं वारस दाखला आणायचा, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली. अठराशे सत्तावीस. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती. तो कागद अजून चालतो आणि माझ्या वडिलांचं १९८६ चं नाव चालत नाही, याचा मला मनापासून राग आला. आपण या कचेऱ्यांमध्ये किती शहाण्यासारखं उभे राहतो! आईनं गुडघेदुखी घेऊन दोनदा अंगठा द्यायला तीन मजले चढायचे, सर्व्हर डाऊन म्हणून उतरायचे, आणि माफ झालेलं शुल्क वाद नको म्हणून भरायचं. सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीतल्या माणसालाही ठाऊक आहे. आणि त्या दिवशी सगळ्या व्हरांड्याला गुन्हेगार सापडला तो मी.

"त्रेचाळीस," खिडकीतून आवाज आला. मी फोनकडे हात केला. काकांनी थांबा म्हणून बोट दाखवलं. नॉमिनीचा मुद्दा रंगात आला होता. "चव्वेचाळीस."

चव्वेचाळीस म्हणजे कलियुगवाले गृहस्थ. ते माझ्याकडे न बघता पुढे गेले.

फोन परत मिळाला तेव्हा बॅटरी चार टक्के. ताई म्हणाली, "ते हक्कसोडीचं सध्या राहू दे. आणि ऐक, त्या काकांचा नंबर घेऊन ठेव." मग जरा थांबून, "आईचा वाटा धरलाच नव्हतास तू?"

मी म्हटलं, रेंज नाहीये.

शेवटी खिडकीवर हाता-पाया पडून सव्वाचारला माझं प्रतिज्ञापत्र निघालं. सही, शिक्का, पाचशेचा कागद. काका अजून बाकड्यावरच होते. त्यांचं काम झालं होतं की नाही कोण जाणे. मला वाटतं ते रोजच येत असावेत. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला, दोऱ्याची काडी सावरली.

"पाव्हणं, हितं 'दत्तू उर्फ दत्तत्रय' छापलंय. काना गेलाय."

मी बघितलं. गेला होता.

"आता तीन इसम झालं," काका म्हणाले. "सोपं हाय. खाली डाव्या हाताला स्टॅम्पवाला बसतो, साडेचारला उठतो. पळा."