गाण्यात लुडबूड न करणारं पेय

घरी गाणं ऐकताना हातात काय असावं, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते मित्रांपैकी कुणालाच पटत नाही. चवीचं नंतर बघू. आधी त्या पेयाने आवाज करू नये आणि आपल्याला मध्येच उठवू नये.

या अटीवर पहिला बाद होतो बर्फ. मुंबईतल्या घरात शांतता मुळात उसनी. लोकलचा भोंगा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खालून भंगारवाल्याची हाळी. हे सगळं पार करून विलंबित ख्याल जरा कुठे बसतो आणि नेमका समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या तोंडावर ग्लासात बर्फ खुळखुळतो. गझल आणि व्हिस्की ही ठरवून लावलेली जोडी मला म्हणूनच पटत नाही. दुसऱ्या पेगनंतर माणूस ऐकत नाही, नुसती दाद देतो. तीही चुकीच्या शेराला. ज्यांना बसायचंय त्यांनी खुशाल बसावं, पण मग पाठीमागे काहीही लावलेलं चालतं की, त्यासाठी किशोरीताई आमोणकरांचं गाणं कशाला?

दुधाचा चहा प्रिय आहे, पण तो थांबत नाही. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या काळात ठीक होतं. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात गवयांनी अख्खा राग बसवून दाखवला. चहा गरम असतानाच गाणं संपायचं. 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि एक बाजू वीसेक मिनिटांची झाली. आता तर मोबाइलवर तासभर सलग. तेवढ्यात चहावर साय धरते आणि ती बोटाने बाजूला करेपर्यंत मारवा निसटतो. या रागात पंचम (प) नाहीच, षड्जसुद्धा (सा) टाळत टाळत घेतलेला. तिथे लक्ष हललं की परत आत शिरायला वेळ लागतो.

म्हणून संध्याकाळी कोरा चहा. गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, साखर नावापुरती. गार झाला तरी पिववतो, ही त्याची खरी लायकी. मल्लिकार्जुन मन्सूर लावले की मात्र तोही तसाच राहतो. एखादा अनवट, क्वचितच ऐकू येणारा राग, त्यात ती न संपणारी तान. बुवा श्वास नेमका कुठे घेतात हे शोधताना कप उचलायचं भान कुणाला? मग आई येऊन कप उचलते. "प्यायचा नव्हता तर गॅस कशाला जाळलास?"

मे महिन्यात कोकम सरबत. अमृत कोकम, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि माठातलं पाणी. आपल्या दमट हवेत माठ फारसं गार करत नाही हे मान्य, पण तेवढा गारवा कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांना पुरतो. घशाला झिणझिण्या आणणारं थंड तिथे नकोच.

दादरचं पीयूष? दुपारी जायफळ घातलेलं ते दाट पीयूष आणि त्यावर भीमपलास. पुढचं मला आठवत नाही.

सकाळी फिल्टर कॉफी, माटुंग्याहून दळून आणलेली, थोडी चिकोरीवाली. चार घोटांत संपते, म्हणून आलाप सुरू व्हायच्या आत प्यायची. तंबोरे लागेपर्यंत पेला खाली.

रात्री विविध भारतीवर छायागीत लागतं तेव्हा मात्र माझे सगळे नियम रजेवर. गाणी तीन-चार मिनिटांची, मध्ये निवेदन. निवेदनात घोट घ्यायचा. मसाला दूध असो, सोडा असो, अगदी बर्फसुद्धा चालेल.

आता सोलकढीवाले भांडायला येतील. मी मालवणकडचाच, सोलकढीवर माझाही जीव आहे. पण ती भातावर. आमच्याकडे तिच्यात लसूण सढळ हाताने पडते आणि तिचा ढेकर कोणत्याच रागात बसत नाही.