आईचा टीएसएच आणि कॅल्शियमची गोळी
थायरॉइडच्या गोळीवरचा एक लेख वाचला. ती सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी, एवढंच त्यात आलंय. पण त्यामागोमाग पोटात काय जातं, तेही यायला हवं होतं. आमच्या आईचंच सांगते. गोळी कधी चुकवली नाही, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा, ३ वरून ११ वर गेला. पाय जड, केसांचे पुंजके कंगव्यात. डोस वाढवला, फरक शून्य. शेवटी मीच एकदा सकाळी तिच्याजवळ बसले. स्टीलच्या वाटीत तीन गोळ्या काढून ठेवलेल्या: थायरॉइडची, कॅल्शियमची आणि लोहाची. तिन्ही एकाच घोटात! गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू झालं, तेव्हा वेळेचं कुणी बोललंच नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतात, मग ते रक्तात नीट उतरत नाही. मध्ये किमान ४ तास हवेत. मल्टिव्हिटॅमिन आणि अँटासिडचंही तेच, आणि हे तर आपण न विचारताच घेतो. आता आई कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घेते, लोह रात्री. दोन महिन्यांनी टीएसएच ४ च्या आत आला, वाढवलेला डोस डॉक्टरांनी परत कमी केला. घरातल्या मोठ्यांची सकाळची वाटी एकदा बघाच.