"गॅस संपलाय" म्हणे!

फ्रिजच्या दारावर निळ्या आकड्यात झोकात लिहिलंय : ३ अंश. आत दूध नासतंय, इडलीचं पीठ फसफसून डब्याचं झाकण उचलतंय, कोथिंबिरीचा चिखल झालाय. आणि शेजारच्याच दाराआड फ्रीझरमधले मटार इतके टणक की फेकून मारले तर टेंगूळ येईल. एकच मशीन, एकच प्लग, मध्ये एक भिंत. एका बाजूला काश्मीर, दुसऱ्या बाजूला मे महिन्यातलं अकोला!

तो ३ चा आकडा बघून तर माझं डोकंच फिरतं. आमच्या फ्रिजमध्ये, आणि बाजारातल्या बऱ्याच फ्रिजमध्ये, तो आकडा म्हणजे आपण लावलेलं तापमान. आत खरं किती आहे ते तो सांगतच नाही. मी शेवटी मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवला. सकाळी १४! लाखाच्या घरातली वस्तू तोंडावर खोटं बोलते आणि वर 'स्मार्ट' म्हणवून घेते.

तक्रार नोंदवली. कंपनीचा मुलगा आला. बॅग खांद्यावरच, दार अर्धं उघडलं, हात आत घातला आणि निकाल लागला. "मॅडम, गॅस संपलाय. साडेचार हजार होतील."

अरे, संपायला तो काय सिलिंडर आहे? फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो, वर्षानुवर्षं. वापरला म्हणून कमी होत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरणं म्हणजे माझे पैसे हवेत सोडणं. शिवाय गॅस कमी पडला तर फ्रीझरही रडेल. आमचा फ्रीझर उणे १८ वर ठणठणीत आहे! हे मी त्याला म्हटलं तर तो माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "सर, तुम्हाला समजावतो." ह्यांना बिचाऱ्यांना बर्फाचा ट्रे कुठे असतो तेही माहीत नाही.

या असल्या फ्रिजमध्ये, काही महागडी मॉडेलं सोडली तर, थंडी तयार होते एकाच ठिकाणी : फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड, कॉइलवर, म्हणजे गॅस फिरतो त्या वेटोळ्या नळीवर. तिथला एक छोटा पंखा ती थंड हवा ढकलतो आणि मधल्या भिंतीतल्या एका झडपेतून ती फ्रिजच्या बाजूला येते. म्हणजे फ्रीझर गार आणि फ्रिज कोमट असेल तर आधी तीन गोष्टी बघायच्या. पंखा फिरतोय का, झडप उघडतेय का, आणि वाट बर्फाने बुजली आहे का. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. ज्याला कंपनीने गणवेश दिलाय त्याला का कळू नये?

आणि तेच निघालं. मी हट्टच धरला म्हणून मागचा पत्रा उघडला, तर कॉइल दिसतच नव्हती. पांढरी भिंत. पंख्याच्या पात्यांपर्यंत बर्फ आलेला, फिरताना ती खर्रर्र खर्रर्र घासतायत. (हाच आवाज गेले कित्येक दिवस येत होता आणि फोनवरची बाई म्हणत होती, "नवीन मॉडेलला नॉर्मल साउंड असतो.") गॅस खरंच गळला असता तर त्या कॉइलच्या एका टोकाला जेमतेम पांढरं दिसलं असतं आणि बाकीची कोरडी. इथे वरपासून खालपर्यंत दहीहंडीच्या लोण्यासारखं थापलेलं. गॅस भरपूर आहे बाबा, तुझीच अक्कल संपली आहे!

फ्रॉस्ट-फ्री म्हणजे बर्फ होत नाही असं दुकानदार सांगतो. होतो. फक्त कॉइलखालचा एक हीटर अधूनमधून तापून तो वितळवतो, पाणी एका भोकातून खाली जातं आणि मागच्या ट्रेमध्ये सुकून जातं. हीटर जळला, सेन्सर बिघडला, किंवा ते भोक गोठून बंद झालं की खेळ खल्लास. भोक बंद झालं तर पाणी फ्रीझरच्या तळाशी साचून काचेसारखा थर धरतं, मग एक दिवस स्वयंपाकघरात तळं. सासूबाई घसरता घसरता वाचल्या. "आमचा एका दाराचा बरा होता, बटण दाबलं की बर्फ वितळायचा," हे त्या वाचल्यानंतरचं पहिलं वाक्य. उलट बोलायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तर त्या हुशार मुलाने काय केलं असेल? हीटर तपासला? मीटर लावला? छे. "मॅडम, बंद करून चोवीस तास दोन्ही दारं उघडी ठेवा," आणि व्हिजिट चार्ज घेऊन चालता झाला. बर्फ वितळला, फ्रिज गार झाला, आठवड्याभरात परत तेच. होणारच! बर्फ का साठला ते कुणी बघितलंच नाही. वितळवून बरं वाटलं आणि काही दिवसांत पुन्हा बिघडलं, याचा अर्थ बहुतेक हीटरच्या बाजूला काहीतरी गेलंय. आणि ते चोवीस तास मी काय केलं? आमरसाचे डबे शेजाऱ्यांकडे, मासे बहिणीकडे, लोणी खाली वॉचमनच्या बायकोकडे. भर उन्हाळ्यात बिऱ्हाड पाठीवर.

दुसऱ्या खेपेला दुसरा आला. याचं औषध वेगळं : "पीसीबी गेलं." म्हणजे फ्रिज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पहिल्याचा गॅस, दुसऱ्याचं पीसीबी. म्हटलं, वॉरंटी आहे ना, दारावर '१० वर्षं' असा एवढा मोठा स्टिकर आहे? "ती कॉम्प्रेसरची, मॅडम." बोर्ड नाही, हीटर नाही, सेन्सर नाही, गॅस नाही, मजुरीही नाही. म्हणजे जी गोष्ट सहसा बिघडत नाही तिची हमी दहा वर्षांची, आणि जी बिघडते ती माझी. स्टिकर लावणाऱ्याचा सत्कारच करायला हवा.

बरं, घरचे उपाय सगळे करून झालेत, तेव्हा ते शिकवायला कुणी येऊ नका. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघितली, सैल नाही. रबराच्या घड्यांतली काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने काढली. पुढचे पाय किंचित उंच केले, दार आता आपोआप मिटतं. मागची धूळ काढली. सुताराने हौसेने फ्रिज चहूबाजूंनी प्लायवूडमध्ये कोंबला होता, गरम हवेला बाहेर पडायला बोटभर जागा नाही. ती चौकट कापून घेतली. आतल्या हवेच्या जाळीसमोर पातेली ठेवायची नाहीत हे घरातल्या प्रत्येकाला ओरडून सांगितलं. दोन दारांमधली पट्टी हाताला कोमट लागते, तो बिघाड नाही, दव धरू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे, हेही मला पुस्तिका वाचून कळलं. सर्व्हिसवाल्याने त्याच्याकडेही बोट दाखवून "बघा, गरम होतंय" केलं होतं!

आमच्याच बिल्डिंगमधल्या एकांच्या नव्या फ्रिजचा तर दिवा लागतो, आकडे दिसतात, थंड मात्र काही नाही. तिथेही "गॅस". मी जाऊन पुस्तिका बघितली. दुकानातला डेमो मोड चालूच राहिला होता. दोन बटणं एकत्र दाबली, झालं.

आणि भीक नको पण कुत्रं आवर अशी गत करणारा तो फोन. एक दाबा, दोन दाबा, तक्रार क्रमांक सांगा, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली, तेव्हा कुठे दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ तंत्रज्ञ हजर. मीटर लावला. हीटर तुटलेला. बोर्ड ठीक, गॅस ठीक. पार्ट मागवलाय म्हणे, "दोन-तीन दिवसांत येईल."

जाता जाता मोबाइल पुढे करून म्हणतो कसा, "मॅडम, तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल तो सांगा, कॉल क्लोज करतो. आणि रेटिंगला पाच स्टार द्या." पार्ट अजून गोदामात, दूध अजून बहिणीच्या फ्रिजमध्ये, आणि याला तक्रार बंद करायची आहे! ओटीपी दिलेला नाही. ग्लासातला थर्मामीटर ४ दाखवेपर्यंत देणारही नाही.